औषधाचा अंश तपासता, आता जंतूही तपासा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
जिल्ह्यातील दूध संघांची संचालक मंडळे
पशुसंवर्धन, आरोग्य, कृषी आणि अन्न व औषध प्रशासन या खात्यांचे जिल्ह्यातील अधिकारी

स. न. वि. वि.

मागणी आधी सांगते, कारण निवेदनाच्या शेवटच्या पानापर्यंत सहसा कुणी पोचत नाही. आपल्या जिल्ह्यात गोठ्यातल्या शेणात, कच्च्या दुधात, चिकनच्या दुकानांत, भाजीवर आणि पंचगंगेच्या पाण्यात जे जंतू सापडतात, ते कोणत्या अँटिबायोटिकला दाद देतात आणि कोणत्या नाही, याची तपासणी दर तीन महिन्यांनी ठरलेल्या ठिकाणी आणि ठरलेल्या पद्धतीने सुरू करा. तिचा निकाल सीपीआर या सरकारी रुग्णालयात माणसांच्या नमुन्यांतून निघणाऱ्या निकालाच्या शेजारी, एकाच तक्त्यात छापा. एवढंच. नवी इमारत नको, नवी समिती झालीच तर छोटी करा.

मी शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते, म्हणजे दिवसभर कल्चर लावते, नमुन्यातले जंतू बशीत वाढवून बघते. माहेर करवीर तालुक्यातलं. तिथे अजून दावणीला म्हशी आहेत आणि दोन्ही वेळचं दूध डेअरीत घातलं जातं. त्यामुळे एकीकडे डॉक्टरांचा फोन येतो, ‘मॅडम, याला काही चालतंय का बघा की,’ आणि त्याच दिवशी चुलतभावाचा येतो, ‘अगं, सूज उतरंना झालीया, तिसरी ट्यूब सोडली सडात.’ एकाला मी रिपोर्ट देऊ शकते. दुसऱ्याला कोण देणार, हा माझा प्रश्न आहे.

ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी हा रिपोर्ट कसा तयार होतो ते सांगते. पेशंटच्या लघवीतून जंतू वेगळा करायचा, त्याचं ठरावीक गढूळपणाचं पाणी करायचं आणि कापसाच्या काडीने ते आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बशीवर सगळीकडे सारखं फासायचं. त्यावर सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवायच्या, प्रत्येक चकतीत एक औषध. बशी रात्रभर पस्तीस अंशांच्या पेटीत. सकाळी बाहेर काढली की बशीभर जंतूंचा पांढुरका थर दिसतो. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडलेला असतो आणि तो आम्ही पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतो. औषध चालत नसेल तर मोजायला काहीच नसतं. थर थेट चकतीच्या कागदाला भिडलेला असतो.

सेफिक्झिम आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकत्यांना असा भिडलेला थर आता कुणालाच नवलाचा वाटत नाही. मला खटकतं ते वेगळंच. अशा बशा केवळ आयसीयूतून आलेल्या नमुन्यांच्या नसतात. खेड्यातल्या बाईच्या असतात, जिने बाळंतपण सोडलं तर हॉस्पिटलात रात्र काढलेली नाही. लघवीला जळजळ म्हणून ती येते, जंतू निघतो ई. कोलाय, आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपैकी एखाददुसरी चालते. कधीकधी तीही नाही. मग इंजेक्शनसाठी रोज तालुक्याला यायचं, नाहीतर दाखल व्हायचं. धारा कुणी काढायच्या, हा पहिला प्रश्न तिथेच सुरू होतो.

हा जंतू तिच्या पोटात आला कुठून? शक्यता अनेक आहेत. तिने स्वतः मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या आणि बरं वाटताच सोडलेल्या गोळ्या, हे पहिलं कारण. माणसाचा हा वेडेपणा बाजूला ठेवून गुरांवर खापर फोडणं मला मान्य नाही. पण तीच बाई रोज शेण भरते, कच्ची कोथिंबीर खाते, रविवारी चिकन धुते आणि तिच्या विहिरीला नदीचा पाझर आहे. जंतू माणसाकडून गुराकडे गेला की गुराकडून माणसाकडे आला, की दोघांकडे नदीतून आला, हे एका लॅबच्या बशीवरून कधीच कळणार नाही. ते कळायला तिन्हीकडचे नमुने एकाच पद्धतीने, एकाच काळात तपासावे लागतात.

इथे दूध संघांचे संचालक म्हणतील, ‘आम्ही अँटिबायोटिक तपासतोच की.’ खरं आहे. झटपट किट आली आहेत आणि दुधात औषध आहे की नाही ते काही मिनिटांत कळतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या २०१८ च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले आणि त्यातल्या ७७ मध्ये अँटिबायोटिकचे अंश मर्यादेच्या वर निघाले. शंभरात एकाच्या जरा वर. आकडा दिलासा देणारा आहे.

पण ही चाचणी औषध शोधते, जंतू शोधत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि सगळी गफलत इथेच होते. औषध काही दिवसांत अंगातून निघून जातं. त्या औषधाने आतड्यातले साधे जंतू मारून ज्याला मोकळं रान मिळालं, तो दाद न देणारा जंतू मागे राहतो. दुधाचा रिपोर्ट शंभर टक्के स्वच्छ आणि त्याच म्हशीचं शेण दाद न देणाऱ्या ई. कोलायने भरलेलं, हे अगदी सहज होऊ शकतं. त्यात शेतकऱ्याने कुठलाही नियम मोडलेला नसतो.

एका दगडीची, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराची, गोष्ट घ्या. म्हस नुकती व्यायलेली, फॅट चांगली, घराचा हप्ता तिच्यावर. सकाळी धारेला बसल्यावर एका सडातून पाण्यासारखं दूध आणि त्यात गुठळ्या. कास गरम, हात लावू देत नाही. दुपारपर्यंत डॉक्टर येतो किंवा डॉक्टरच्या हाताखाली शिकलेला कुणीतरी येतो. सडात ट्यूब जाते, मानेत इंजेक्शन जातं. औषध कोणतं, हे अंदाजाने ठरतं, कारण दुधाचं कल्चर लावायला नमुना पाठवायचा तर कुठे आणि रिपोर्ट येईपर्यंत सड राहील का? शेतकरी दूध बाजूला काढतो. लेबलवर काही लिहिलेलं नसेल तर दुधाला आणि अंड्यांना किमान ७ दिवस आणि मांसाला २८ दिवस थांबायचं, असा २०१२ पासून औषध नियमांत नियम आहे. समजा त्याने तो पाळला. मग बाजूला काढलेलं ते दूध जातं कुठे? बहुतेक घरांत रेडकाच्या तोंडात. टाकून कशाला द्यायचं? म्हणजे पातळ प्रमाणात अँटिबायोटिक असलेलं दूध आठवडाभर रेडकाच्या पोटात, आणि औषधाला न मरणारे जंतू वाढायला याहून चांगली सोय नाही. इंजेक्शनातलं औषध शेणामुतातून बाहेर पडतं, शेण उकिरड्यात, उकिरडा उन्हाळ्यात शेतात. पुढे वळीव येतो.

या सगळ्या साखळीत दुधाची चाचणी फक्त एका कडीवर उभी आहे. बाकी कड्यांवर कुणी नाही.

कोंबडीची साखळी वेगळी, पण शेवट तोच. शेडमध्ये हजारो पिल्लं, साधारण चाळीस दिवसांत वजन भरायचं, एक आजारी पडली की औषध सगळ्यांच्या पाण्यात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध, ते कित्येक वर्षं कोंबड्यांच्या खाद्यात आणि पाण्यात जात होतं. २०१५ च्या शेवटी चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण डुकरांच्या ई. कोलायमध्ये प्लास्मिडवर बसला आहे. प्लास्मिड म्हणजे डीएनएचा एक सुटा गोल तुकडा, जो एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. उत्तम केलं. आता त्या बंदीनंतर आपल्या जिल्ह्यातल्या कोंबड्यांच्या आतड्यांत कोलिस्टिनला दाद न देणारे जंतू कमी झाले का? हा साधा प्रश्न विचारायला आकडे लागतात. नुसती बंदी घालून आणि पाठ थोपटून भागत नाही. (कोलिस्टिन चकतीने नीट मोजता येत नाही, त्याला वेगळी पद्धत लागते, हे कुणी तरी मला सुनावण्याआधी मीच सांगून ठेवते.)

शिजवल्यावर जंतू मरतात, हे मला माहीत आहे. तांबडा रस्सा ज्या आचेवर उकळतो त्यात कुठला जंतू टिकेल? पॅकेटचं दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून आलेलं असतं. अडचण शिजण्याच्या आधीची आहे. चिकन नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, कोबी चिरायच्या पाटावर, शेजारी चिरून ठेवलेल्या कांद्यावर. आणि कोल्हापुरात दूध तापवून पितात असं तरी कुठे? गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर म्हस पिळून फेसाळ पेला हातात घेणं ही इथल्या माणसाची चैन आहे, तालमीतल्या पोरांचा तर खुराक. मला ती बंद पाडायची नाही आणि कुणी पाडायला निघालं तर मी त्याच्या बाजूने नसेन. पण त्या पेल्यातून दर तीन महिन्यांनी एक नमुना लॅबमध्ये गेला पाहिजे. मिसळीवरच्या कच्च्या कांद्या-कोथिंबिरीचाही गेला पाहिजे.

साहेब, तुम्ही पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ज्या पद्धतीने जाहीर करता, ती मला यासाठी नमुना वाटते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. जागा तीच, पट्टी तीच, आकडा दर काही तासांनी प्रत्येकाच्या मोबाइलवर. पाणी वाढलं म्हणून आपण बंधाऱ्यावर किंवा चिखलीच्या शेतकऱ्यावर गुन्हा दाखल करत नाही. आकडा बघून आंबेवाडीचा माणूस म्हशी सोडायच्या का ठरवतो. आकडा रोजचा असतो म्हणूनच ३८ फुटांचा अर्थ लागतो. वर्षातून एकदा कुणी तरी विद्यापीठातून येऊन एका दिवसाची पातळी मोजून पेपर छापला असता, तर २०१९ आणि २०२१ ला आपण काय केलं असतं?

जंतूंच्या बाबतीत आज आपण त्या एका दिवसाच्या मोजणीवर आहोत. एखादा विद्यार्थी पीएचडीसाठी शंभरएक नमुने गोळा करतो, चांगलं काम करतो, पदवी घेऊन निघून जातो. पुढचा दुसऱ्या ठिकाणचे नमुने, दुसऱ्या चकत्या वापरून घेतो. दोघांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत. वाढलं का घटलं, हे सांगणारा जिल्ह्याचा तक्ता माझ्या तरी पाहण्यात नाही.

डेन्मार्कने हे १९९५ मध्ये सुरू केलं. छोटा देश, डुकरं भरपूर, दूध-लोण्यावर पोट, सहकाराची परंपरा आपल्यासारखीच घट्ट. त्यांनी डॅनमॅप नावाने माणूस, जनावर आणि मांस या तिन्हींतल्या जंतूंची नोंद दरवर्षी एकत्र छापायला सुरुवात केली. त्याच वर्षी त्यांनी जनावरांच्या खाद्यातलं अॅव्होपार्सिन हे वजनवाढीचं अँटिबायोटिक बंद केलं, कारण ते माणसांना देतात त्या व्हॅन्कोमायसिन या औषधाचं भावंड आहे. पुढे काय झालं ते फार बोलकं आहे. ब्रॉयलर कोंबड्यांतल्या एन्टेरोकॉकस जंतूंत व्हॅन्कोमायसिनला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण १९९५ मध्ये सत्तर टक्क्यांच्या वर होतं, ते २००० पर्यंत दहा टक्क्यांच्या आत आलं. डुकरांत मात्र ते हटेना. बंदी तीच, देश तोच, मग डुकरांत का नाही? मागोवा घेतल्यावर कळलं की डुकरांना टायलोसिन नावाचं दुसरंच औषध चालू होतं, आणि दोन्ही औषधांना पुरून उरणारी जनुकं एकाच प्लास्मिडवर जोडीने बसली होती. टायलोसिनच्या वापराने दुसरंही आपोआप जपलं जात होतं. १९९८ पासून टायलोसिनचा तो वापर खूप घटला आणि मग डुकरांतलं प्रमाणही उतरलं.

दरवर्षीची मोजणी नसती तर कोंबड्यांकडे बघून ‘बंदी यशस्वी’ असं म्हणून सगळे घरी गेले असते, किंवा डुकरांकडे बघून ‘बंदीने काही होत नाही’ म्हणून ती उठवली असती. बहुतेक दुसरं, कारण खाद्य विकणाऱ्यांना तेच हवं असतं.

आपल्या देशात काही नाही असं नाही. माणसांच्या नमुन्यांसाठी आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, प्रयोगशाळांचं जाळं २०१३ पासून आहे. जनावरं आणि मासे यांच्यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेने एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने ‘इन्फार’ हे जाळं उभं केलं, त्याचा अहवाल २०१९ ते २०२२ मधल्या नमुन्यांवरचा आहे. केरळने २०१८ मध्ये या विषयाचा स्वतःचा राज्य आराखडा केला, देशात पहिला. पण देशाची सरासरी शिरोळच्या डॉक्टरला काय कामाची? दिल्लीच्या तक्त्यावरून गगनबावड्यात दगडीवर कुठली ट्यूब चालेल ते कळत नाही.

आता करायचं कसं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली, तिचं नाव ‘ट्रायसायकल’. माणूस, अन्नसाखळी आणि पाणी अशा तीन ठिकाणी एकच जंतू शोधायचा: ईएसबीएल हे एन्झाइम बनवणारा ई. कोलाय. हे एन्झाइम सेफोटॅक्झिम, सेफिक्झिम वगैरे औषधं फोडून टाकतं. एकाच नमुन्याच्या दोन बशा लावायच्या, एक साधी आणि एक लिटरला ४ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम मिसळलेल्या आगरची. साध्या बशीवर सगळे ई. कोलाय वाढतात, दुसरीवर फक्त दाद न देणारे. दोन्हींवरचे ठिपके मोजा, भागाकार करा. महागडी यंत्रं लागत नाहीत. आमच्या लॅबमध्ये आहे तेवढ्या सामानात होतं. नोंदी ठेवायला व्होनेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मोठी हॉस्पिटलं तेच वापरतात.

ई. कोलायच का, असं काही जण विचारतील. साल्मोनेला जास्त घातक, मान्य. पण तो प्रत्येक नमुन्यात सापडत नाही, आणि जो सापडतच नाही त्याचा कल कसा काढणार? ई. कोलाय माणसाच्या, म्हशीच्या, कोंबडीच्या सगळ्यांच्या आतड्यात असतो, नदीत असतो, आणि औषधांना पुरून उरणारी जनुकं याच्याकडून त्याच्याकडे पोचवण्यात पटाईत असतो. सुरुवात याच्यापासून. चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर दुसऱ्या वर्षी घ्या. कॅम्पिलोबॅक्टरला कमी ऑक्सिजनची हवा लागते, त्याची सोय करायला वेळ लागेल.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही हट्टाने बदलू देऊ नका: नमुने निरोगी जनावरांचे घ्यायचे. आपल्याकडे लॅबपर्यंत पोचतो तो नमुना तीन औषधं फसल्यावरचा, मरायला टेकलेल्या जनावराचा. तेवढेच मोजले तर जिल्ह्यातला प्रत्येक जंतू राक्षस दिसेल. बाराही तालुक्यांतून चिठ्ठी टाकून गावं काढा, गावातले गोठेही चिठ्ठीनेच. पशुधन पर्यवेक्षकाच्या ओळखीच्या आणि रस्त्याकडेच्या गोठ्यांवरच गाडी थांबली तर मोजणी न केलेली बरी. पाण्यासाठी प्रयाग चिखली, राजाराम बंधारा आणि नृसिंहवाडी या तीन जागा मला पुरेशा वाटतात. शहराच्या वर, शहराच्या अंगाला, आणि इचलकरंजी ओलांडून कृष्णेला मिळताना. शहराच्या वरच्या आणि खालच्या आकड्यात फरक निघाला तर दोष गोठ्यांचा किती आणि आपल्या गटारांचा, हॉस्पिटलांच्या सांडपाण्याचा किती, यावर प्रथमच काही तरी हातात धरून बोलता येईल. मला शंका आहे, की हा तक्ता शेतकऱ्यांपेक्षा शहराला जास्त अडचणीत आणेल. म्हणूनही तो हवा.

पुराच्या वर्षी पाणी ओसरल्यावर एक जादा फेरी लावा. २०१९ ला आणि २०२१ ला गटार, सेप्टिक टाकी, उकिरडा आणि उसाचं रान एकाच पाण्याखाली होतं. त्या मातीत पुढच्या महिन्यात मेथी आणि पालक आली. तेव्हा मोजलं असतं तर आज तुलनेला काही असतं.

कृषी खात्यालाही यात ओढते. टोमॅटोवर, भातावर करपा-काळा डाग दिसला की स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पंपात टाकायची सवय जुनी आहे. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आहे, टीबीचं औषध, आणि टेट्रासायक्लिन आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने पिकांवरचा हा वापर टप्प्याटप्प्याने संपवण्याचा मसुदा आदेश काढला. आपल्या बाजारात भाजीवर जे जंतू येतात त्यांच्यासाठी स्ट्रेप्टोमायसिनची एक चकती जादा लावायला फार खर्च येत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग, आणि संचालकहो, हा तुमच्यासाठी. ही तपासणी शिक्षेसाठी आहे असा वास जरी आला, तरी ती पहिल्याच फेरीत मेली म्हणून समजा. ज्याच्या गोठ्यात जंतू निघाला त्याचं दूध बंद, असं एकदा घडलं की दुसऱ्या दिवशी सगळा गाव दार लावून घेईल. दूध दुसऱ्या संस्थेत जाईल, जंतू आहे तिथेच राहील. म्हणून दुधाचा नमुना गावाच्या बल्क कूलरमधून, म्हणजे सगळ्यांचं दूध एकत्र थंड ठेवतात त्या टाकीतून, घ्या, एकेकाच्या कॅनमधून नको. शेणाच्या नमुन्यावर शेतकऱ्याचं नाव न घालता आकडा घाला. जाहीर करताना तालुक्याच्या पातळीवर करा. औषधाच्या अंशाची चाचणी जिथे कारवाईसाठी होते तिथे तशीच होऊ द्या. ही मोजणी तिच्यापासून कागदावर आणि माणसांतही वेगळी ठेवा, नमुना घ्यायला येणारा माणूससुद्धा वेगळा असावा.

‘आकडे बाहेर गेले तर मुंबई-पुण्यात कोल्हापूरच्या दुधाचं नाव खराब होईल,’ ही भीती मी ऐकली आहे. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं अडवली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना विचारा तो हंगाम कसा गेला. दुसऱ्याने आपल्या मालात काही तरी शोधून काढणं म्हणजे काय, ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. आपण स्वतः मोजलं, तालुक्यावार छापलं आणि दोन वर्षांनी आकडा खाली आलेला दाखवला, तर पिशवीवर छापायला याहून चांगली जाहिरात संघाला मिळणार नाही. आणि आकडा वर गेला तर? तर तो न मोजताही वरच गेलेला असेल.

शेतकऱ्याला यातून काय मिळणार, हा प्रश्न माझ्या चुलतभावाने लगेच विचारला. रास्त आहे. त्याच्यासाठी बल्क कूलरच्या नमुन्यांसोबत दगडीच्या दुधाचंही कल्चर जोडून घ्या. दर तिमाहीला प्रत्येक तालुक्यातल्या डॉक्टरांच्या हातात एक पानाचा कागद पडू दे: कासेतल्या स्टॅफिलोकॉकस या जंतूवर सध्या काय चालतंय, ई. कोलायवर काय चालतंय, कशावर पैसे घालवू नयेत. आज तीन ट्यूब आणि चार इंजेक्शनं जातात आणि शेवटी सड आंधळा होतो, म्हस भाकड म्हणून बाजारात जाते. पहिलंच औषध बरोबर लागलं तर पैसे वाचतात आणि तेवढं अँटिबायोटिकही कमी जातं. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ दगडीवर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप सांगतं, सुरुवातीच्या सुजेला कित्येक शेतकरी तो लावतात. त्याने खरोखर किती ट्यूब वाचल्या, हेही मोजा. मी लेपाची भक्त नाही आणि शत्रूही नाही, मला बशी बघायची आहे. आणि रेडकाला ते दूध पाजू नका, एवढं तरी प्रत्येक डेअरीच्या फळ्यावर उद्याच लिहिता येईल. त्याला कुठल्याही समितीची मंजुरी लागत नाही.

कामाची माणसं जिल्ह्यात आहेत. शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मायक्रोबायोलॉजी विभाग माणसांचे नमुने बघतो. शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे, पाणी आणि भाजी त्यांच्याकडे द्या. शेण आणि दुधासाठी पशुसंवर्धन खात्याचं सर्वचिकित्सालय आणि संघांच्या स्वतःच्या लॅब. संशयास्पद निकाल पक्का करून घ्यायला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हायवेवरच आहे आणि औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा त्याच्या पुढे. या चौघांना एका टेबलाशी बसवणं मला जमणार नाही, जिल्हाधिकाऱ्यांना जमतं. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आपण आहात, त्यामुळे आगर, चकत्या आणि नमुने आणणाऱ्या गाडीचं डिझेल यासाठी पैसे कुठल्या लेखाशीर्षात बसतात ते आपल्यालाच जास्त कळतं. यातली मोठी रक्कम डिझेलचीच असेल, हे अनुभवावरून सांगते.

पहिली फेरी मे महिन्यात घ्या, उकिरडे रिकामे होऊन खत रानात पडतं तेव्हा. दुसरी ऑगस्टात. सगळ्या लॅबनी एकाच कंपनीच्या चकत्या आणि एकाच वर्षाची मोजमापाची कोष्टकं (किती मिलिमीटरचा गोल म्हणजे औषध चालतं, ते सांगणारी) वापरायची, हे पहिल्या बैठकीतच लिहून घ्या, नाहीतर वर्षअखेर त्यावरच भांडण होईल. दर फेरीत ओळखीचा एक प्रमाणित जंतू सगळ्यांना पाठवा आणि सगळ्यांचं उत्तर एकच येतं का बघा. ज्या लॅबचं येत नाही तिला काढू नका, शिकवा.

माझ्या बाजूने: आमच्या लॅबमधल्या लघवीच्या कल्चरचे निकाल, नावं आणि गावं काढून, फक्त तालुका, वय आणि औषधांचे मिलिमीटर ठेवून, द्यायला लॅबचे मालक तयार आहेत. व्होनेटच्या नमुन्यात हवे असतील तर तसे देऊ. बैठकीचा दिवस कळवा, शक्यतो सोमवार नको, रविवारचे साठलेले नमुने त्या दिवशी असतात.

कळावे,

आपली विश्वासू,
कल्चर लावणारी एक लॅबवाली
कोल्हापूर